सागाची दहा पानं

संजीवनीचं म्हणणं एवढंच होतं, की सागानं पिवळं व्हायचंच असेल तर रीतसर व्हावं.

जळगाव जामोदच्या पुढं, सातपुड्याच्या पायथ्याशी तिचं गाव. दिवाळी सरली की समोरचा डोंगर रंग बदलायला लागतो. आधी माथ्यावरची सालई, मग उतारावरचा साग. आजवर हे कुणी लिहून ठेवलं नव्हतं, म्हणून नववीतल्या संजीवनीनं ठरवलं की आपण लिहायचं. आयुष्यात पहिल्यांदा वर्गात तिनं आपणहून हात वर केला होता, “तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाला मी जाणार, सर!” रंगाच्या दुकानातून तिनं नंबर घातलेल्या छटांचं शेड कार्ड मागून आणलं. पायवाटेवरच्या एका सागाची, हाताला येतील अशी दहा पानं निवडली. खुणेसाठी देठांना बांधायला दोरा तेवढा हवा होता.

दोरा आबांनी, तिच्या आजोबांनी दिला. दसऱ्याला अकोल्याच्या दवाखान्यातून त्यांना ‘आता घरी न्या’ म्हणून पाठवलं होतं. खाटेवर पडल्या पडल्या त्यांनी गळ्यातला लाल मफलर एका टोकाकडून उसवला.

“घे वं पोरी. मले आता हिवाळा पाहाले कुठं भेटते?”

मग दर शनिवारी, सकाळची शाळा सुटली की संजीवनी डोंगरावर. पानाशेजारी कार्ड धरायचं, जुळला तो नंबर वहीत लिहायचा. झाडाची बाकी पानं कडेकडून पिवळी झाली, तपकिरी झाली, खाली पडून पायाखाली करकरू लागली. दोरा बांधलेली दहा मात्र हिरवीगार. नंबर बारा. पुढच्या शनिवारी बारा. त्याच्या पुढच्या शनिवारीही बारा!

“काऊन बे?” ती झाडावरच खेकसली. “माह्याच पानाइले काय धाड भरली?”

घरी मात्र सगळे खुशीत होते. आबा उठून बसू लागले, भाकरीसोबत ठेचा मागू लागले. “नखं पाहा कशी गुलाबी झाली आबाची,” आई ज्याला त्याला सांगायची. संजीवनीला तिकडं पाहायला फुरसत कुठं होती?

पाचव्या शनिवारी कारभारी सरांनी वही चाळली.

“दहाही पानांचा महिनाभर एकच नंबर? घरी बसून लिहिलंस का गं?”

“नाही सर! खरंच हिरवी आहेत.”

“रंग मारला असंन सर तिनं,” मागून ऋत्विक म्हणाला. वर्ग फिदीफिदी हसला. संजीवनीचे कान तापले.

“दोऱ्यामुळं काही होत असेल,” सर म्हणाले. “सोडून बघ. सोमवारी नाव कळवायचंय. नाहीतर ऋत्विकची सौरचूल पाठवू.”

सौरचूल! पुठ्ठ्याचा डबा आणि त्याला चिकटवलेला चांदीचा कागद! दात-ओठ खात ती डोंगर चढली.

त्या दुपारी वारा अजिबात नव्हता. तिनं पहिली गाठ सोडली.

पान तिच्या बोटांतच बदललं. आधी कड, मग शिरांमधली जागा, मग देठ. दहा आकडे मोजेपर्यंत पान पिवळं.

संजीवनी चक्क उडी मारून ओरडली. जमलं! कार्ड लावलं. नंबर चौऱ्याहत्तर. दुसरी गाठ, चौऱ्याहत्तर. तिसरी, चौथी... आता हसा म्हणावं! नऊ पानं झाली. असं कधी होत नसतं, हे तिला कळत होतं; पण महिनाभराचा राग हात थांबू देत नव्हता.

दहावी गाठ घट्ट बसली होती. नखांनी सुटेना, म्हणून तिनं दात लावले. लोकरीला आबांच्या तंबाखूचा वास होता. गाठ जरा सैल झाली, अर्धी सुटली.

फोटोसाठी आणलेला बाबांचा फोन वाजला. आई होती.

“संजे, लवकर घरी ये. आबाले कसंतरीच होऊन राह्यलं.”

ती तशीच पळाली.

आबा खाटेवर आडवे होते, पांघरूण गळ्यापर्यंत.

“हात गार पडले वं माहे.”

तिनं त्यांचे हात हातांत घेतले.

उजव्या अंगठ्याचं नख पिवळं होतं. त्याच्या शेजारचंही. कडेकडून आत.

कार्ड दप्तरातच राहिलं. नंबर तिला पाठ होता.

ती एकेक बोट पाहत गेली. नऊ.

डाव्या करंगळीचं नख तेवढं गुलाबी होतं.

“वारा सुटला काय वं?” आबांनी विचारलं.

छपराचा पत्रा एकदा वाजला. मग पुन्हा.

संजीवनीनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. दातांत लाल लोकरीचा एक तंतू अडकलेला होता.