अव्वाच्या वाट्याचं पाणी

मासा वाचला. त्याच्यापायी गल्लीतला एक माणूस कमी झाला, पण मासा वाचला, आणि त्याच्या डोक्यावरचं टेंगूळ आता लिंबाएवढं झालंय. शेवट आधीच सांगितला म्हणजे तुमचा जीव टांगणीला लागायला नको. आता तो विसरा. असं काही झालंच नाही. मी फक्त एका घरी व्हॉल्व्ह बसवला.

साल दोन हजार सोळा, महिना एप्रिल, गाव उदगीर. लातूरला तेव्हा रेल्वेनं पाणी येत होतं. आमच्याकडंही रेल्वे येत होती, पाण्याशिवाय. गल्लीत दर आठव्या दिवशी टँकर यायचा आणि माणशी दोन घागरी मिळायच्या. कुणाच्या घरात किती माणसं याची यादी गुरुबसप्पांच्या दारावर चिकटवलेली असायची, कारण गल्लीच्या पाणी समितीचे अध्यक्ष तेच. डाळीचे व्यापारी, कपाळावर तीन बोटं भस्म, आवाज कायम खालचा. त्यांना सगळे अप्पा म्हणत. मी वीरभद्र, त्यांच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहायचो. धंदा फिश टँकचा. त्या उन्हाळ्यात लोक माझ्या दुकानात येऊन तासतासभर उभे राहायचे. माशांकडं कुणी बघत नव्हतं, पाण्याकडं बघायचे.

अप्पांच्या घराची यादीत चार नावं होती: अप्पा, त्यांच्या पत्नी उमादेवी, त्यांच्या आई सिद्धम्मा, आणि भाडेकरू म्हणून मी. यातल्या सिद्धम्मा, म्हणजे अव्वा, शिवरात्रीनंतर आठवड्याभरात वारल्या होत्या. नाव तसंच राहिलं. यात अप्पांचा एकट्याचा दोष नाही. त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत कुणी मेलं तरी पावसाळ्यापर्यंत मरत नव्हतं.

बैठकीच्या खोलीत तीन फुटांची काचेची टाकी होती, मीच दिलेली. तिच्यात एकच मासा, फ्लॉवरहॉर्न. याच्या डोक्यावर टेंगूळ असतं आणि ते वाढलं की मालकाची भरभराट होते, असं विकताना सांगावं लागतं. अप्पांनी ते मनावर घेतलं. उदगीर जिल्हा होणार अशी तेव्हा हवा होती, आणि अप्पा रोज सकाळी चष्मा लावून टेंगूळ बघायचे. जिल्हा किती जवळ आला ते त्यांना त्यावरून कळायचं.

पण उन्हानं टाकीतलं पाणी रोज बोटभर उडत होतं. एक दिवस त्यांनी मला बोलावलं.

"वीरभद्रा, जिल्हा झाल्यावर कलेक्टर पहिला चहा कुठं पेणार? हितं. टाकी अर्धी दिसली तर काय म्हणंल? दुष्काळ हाय म्हणंल."

त्यांना पाणी आपोआप भरलं जायला हवं होतं. मी म्हटलं, फ्लोट व्हॉल्व्ह बसवू. पातळी उतरली की तरंगता गोळा खाली येतो आणि पाणी सुटतं, चढली की बंद होतं. लाइट लागत नाही, माणूस लागत नाही. अप्पा गच्चीवरच्या टाकीचा पितळी बॉलकॉक काढून घेऊन आले. मी नको म्हटलं. तो मोठा, त्याला दाब लागतो, आणि पितळ पाण्यात उतरलं की मासा मरतो. मी आरओ मशीनला असतो तसला पाव इंची, प्लास्टिकचा निवडला. मागच्या कोपऱ्यात, हवेच्या बुडबुड्यांपासून लांब, काठाच्या एक बोट खाली क्लिपनं आवळला. नळीचं तोंड पाण्याच्या वर ठेवलं, नाहीतर टाकीतलं पाणी उलटं ओढलं जातं. वर स्टुलावर निळा ड्रम.

ड्रममध्ये पाणी कुणाचं, हा प्रश्न मी विचारला.

"अव्वाचं. दोन घागरी येऊनच राहिल्यात की. वाया कशाला घालवायच्या?"

गल्लीत प्रत्येक भांड्यावर मालकाचं नाव टाकायची पद्धत होती, नाहीतर रांगेत मारामाऱ्या व्हायच्या. म्हणून ड्रमवर मी ऑइलपेंटनं ठसठशीत लिहिलं: सिद्धम्मा. अक्षर माझं चांगलं आहे.

हिशोब सोपा होता. दिवसाला चारेक लिटर उडणार, दोन घागरी आठवडाभर पुरणार. तिसऱ्या दिवशी ड्रम कोरडा झाला.

मी टाकीखाली पेपर अंथरला. पेपर कोरडा. सांध्यांवर बोट फिरवलं. कोरडे. व्हॉल्व्ह उघडला तर आत करड्या रंगाची बारीक पूड अडकलेली. क्षार असणार, टँकरचं पाणी जड असतं. धुऊन बसवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच पूड. बोटावर घेतली तर भस्मासारखी मऊ लागली, आणि कापराचा वास आला. क्षाराला वास नसतो, पण टँकर कुठून भरतात कोण जाणे.

पुढच्या टँकरला ड्रम भरला, आणि मी दुसरं स्टूल घेऊन टाकीसमोर बसलो. सकाळी सात वाजता पाणी एकदम अर्धं बोट उतरलं. लाट नाही, तरंग नाही. मासा कोपऱ्यात जाऊन काचेला चिकटला. गोळा खाली आला, व्हॉल्व्ह सुसू करत उघडला आणि पातळी पुन्हा भरली. बारा वाजता तेच. चार वाजता तेच. मधल्या वेळात थेंबभरही हललं नाही.

उमादेवी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. मी त्यांना वेळा सांगितल्या. त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. अव्वांच्या किडन्या गेल्या होत्या आणि डॉक्टरांनी दिवसाला तीनच पेले सांगितले होते, हे गल्लीला माहीत होतं. शेवटचे दोन महिने त्या भिंतीकडं तोंड करून "नीरु, नीरु" करायच्या. कानडीत पाणी. मागच्या खोलीत मला ऐकू यायचं, मी रेडिओ लावायचो.

"सात, बारा, चार," उमादेवी म्हणाल्या. "मीच द्यायची. चारचा कवा कवा न्हाई दिला."

"का?"

"टँकर चुकला की आमालाच नसायचं. अन् चारला तिला कुठं कळायचं, कितवा पेला ते."

मी म्हटलं, आता कळतंय असं दिसतंय. विनोद बरा होता. त्या हसल्या नाहीत.

मी अप्पांना सुचवलं, ड्रमवरचं नाव खरवडू. अप्पांनी माशाकडं बोट दाखवलं. टेंगूळ खरंच वाढलं होतं. "अव्वाचा हात हाय डोक्यावर," ते म्हणाले, आणि आपल्या वाट्याची एक घागर स्वतः ड्रममध्ये ओतली.

पुढच्या आठवड्यात यादी तपासायला नगरपालिकेचे अमृतराव नावाचे गृहस्थ आले. पाणी आणखी घटलं होतं, त्यामुळं चार किंवा जास्त माणसांच्या प्रत्येक घरातून एक नाव कमी करायचं, असा त्यांना आदेश होता. ते उंबऱ्यात उभे राहिले, चष्मा नाकावर, पेन हातात. बाराला पाच कमी होती. मी व्हॉल्व्ह धूत होतो.

"गुरुबसप्पा?"

"मी."

"उमादेवी?"

आतून खोकला आला.

"सिद्धम्मा?"

अप्पा चष्मा पुसू लागले. मला वाटलं, चला, सुटलो. आता हे नाव जाईल, ड्रम रिकामा राहील, टाकीचं काय व्हायचं ते होईल. मी व्हॉल्व्ह जागेवर बसवला.

बारा वाजले. पाणी उतरलं. सुसू आवाज झाला.

अमृतरावांनी टाकीशेजारच्या रिकाम्या खुर्चीकडं बघितलं आणि त्यांचा चेहरा एकदम नरम झाला.

"बसा, बसा अव्वा. उठू नका." त्यांनी यादीवर खूण केली. "वीरभद्र?"

"मी," मी म्हटलं.

ते बैठकीत इकडंतिकडं बघत राहिले. "वीरभद्र कुठं हायत?"

"साहेब, तुमच्या पुढ्यात. ओल्या हाताचा."

अप्पांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना मी दिसत होतो, हे मी शपथेवर सांगतो. तूर घेताना ओंजळीत धरून बघतात तसं त्यांनी मला नीट बघितलं. मग टाकीकडं बघितलं. मग खुर्चीकडं.

"त्यो न्हाई," ते म्हणाले.

"गेला?"

"गेला."

"कधी?"

अप्पांनी घड्याळात बघितलं. "बारा वाजता."

मी मोठ्यानं हसलो. मला वाटलं, अप्पा पहिल्यांदाच विनोद करतायत.

अमृतरावांनी लाल शाईनं रेघ मारली, बोटानं मोजलं, एक, दोन, तीन, आणि बरोबर आहे म्हणाले.

टँकर आला तेव्हा मी घागर घेऊन रांगेत उभा राहिलो. टँकरवाल्या मडिवाळप्पानं पाइप माझ्या घागरीवर धरला. पाणी पडल्याचा आवाज झाला. घागर उचलली तर हलकी.

हॉटेलात पोऱ्या टेबलावर तीन ग्लास ठेवून गेला. आम्ही चौघं बसलो होतो.

मी ड्रममध्ये हात घातला. कोपरापर्यंत. बाहेर काढला तर कोरडा, आणि नखांत करडी पूड.

तिसऱ्या दिवशी चार वाजता उमादेवींनी पेला भरला. मागच्या खोलीच्या दाराशी आल्या. थेट माझ्याकडं बघितलं. मग स्वतःच प्यायल्या, आणि पेला पालथा घालून गेल्या.

मी अर्ज केला आहे. प्रत खाली जोडतो.

प्रति, मा. अध्यक्ष, गल्ली पाणी समिती. विषय: फ्लोट व्हॉल्व्ह मिळणेबाबत.

महोदय, माझे नाव यादीतून कमी केल्याबद्दल माझी तक्रार नाही. तथापि अर्जदारास तहान आहे. तरी अर्जदाराच्या नावे एक व्हॉल्व्ह मंजूर व्हावा. तो पाव इंची, प्लास्टिकचाच असावा. तो मी स्वतः बसवला असता, परंतु पाना हातात राहत नाही. वेळा सात व बारा चालतील. चारची अट नाही. आपल्या लिंगायत समाजात मेलेल्या माणसास बसवून पुरतात, याची आपणास कल्पना आहेच. त्यामुळे व्हॉल्व्ह बसवताना पाण्याची पातळी जमिनीपासून न धरता बसलेल्या माणसाच्या ओठांपासून धरण्यात यावी, ही नम्र विनंती.