लाल कमानीखालचं रडणं

नाम घराण्याचे थोरले, थे-ग्यू, पहाटे लाल कमानीखाली मरून पडलेले सापडले. डोकं दगडाने फुटलेलं होतं. धुकं इतकं दाट होतं की गुराखी प्रेताला अडखळला तेव्हाच ते कळलं.

गावाला फारसं नवल वाटलं नाही. नवऱ्यामागे विहिरीत उडी घेतलेल्या याच घराण्यातल्या एका विधवेच्या सन्मानासाठी राजाने ती कमान दिली होती. ती उभी राहिल्यापासून पहाटे तिथे कुणीतरी रडायचं. जाऊन पाहावं तर कुणी नसायचं.

"तीच आली आणि थोरल्यांना घेऊन गेली," बाया म्हणाल्या.

अंमलदाराने मात्र सोक-जूला बांधलं. सोक-जू बापाच्या थडग्याशेजारी झोपडीत राहून तीन वर्षांचं सुतक पाळत होता. अंगात तागाचे कपडे, डोक्यावर तोंड झाकणारी मोठी टोपी. तसाच एक माणूस त्या पहाटे कमानीकडून येताना दिसला होता. शिवाय थडग्याच्या जागेवरून सोक-जू थोरल्यांशी भांडलेला.

त्याची बायको ग्वाककडे धावली. ग्वाकने अर्धं आयुष्य न्यायकचेरीत निवाडे लिहिले होते. आता तो शेजाऱ्यांची कोडी सोडवायचा. सोबतीला असायचे शाळामास्तर बांग. त्यांना सगळे विधी तोंडपाठ होते, बाकी जगाशी त्यांचा संबंध बेताचाच.

"ग्वाककाका, उद्या त्यांना शहरात नेतायत. तिथून माणूस परत येत नाही हो!"

"तो काय म्हणतो?"

"मी केलं नाही, एवढंच. तिथे कोण रडायचं विचारलं की तोंडाला कुलूप."

"माहीत असल्यासारखं?"

तिने मान डोलावली.

कमानीपाशी दिवसाउजेडीही अंगावर काटा येत होता. चिखलात छोटे चौकोनी खड्डे उमटले होते.

"शेळीचा खुंटा," बांग म्हणाले. "चल, निघू या."

"शेळी भारीच फिरती दिसते, गुरुजी. विधवेच्या घरापर्यंत गेलीय."

ते घर ओस पडलं होतं. परसात ओदोंगचं झाड होतं. त्याची एक फांदी सुरीने कापलेली, कापलेली जागा काळी पडलेली.

"हलकं लाकूड. पेटाऱ्यांना बरं," बांग म्हणाले.

ओढ्यावर मुळे धुणाऱ्या ओकबुन आजीनेच तो माणूस पाहिला होता.

"तोंड दिसलं का, आजी?"

"सुतकी माणसाचं तोंड बघतात होय? चांगले शिकलेले ना तुम्ही! मी मान खाली घातली."

"काठी होती?"

"बिनकाठीचा सुतकी कधी पाहिलात?"

सोक-जू झोपडीच्या खांबाला बांधलेला होता. त्याची बांबूची काठी शेजारी पडली होती. बांगनी ती उचलून निरखली.

"बापासाठी बांबू. बरोबर. आईसाठी असती तर ओदोंगची तासलेली लागली असती."

ग्वाक सोक-जूजवळ टेकला. "कोण आहे तो?"

"काका, आईबापासाठी रडणाऱ्याला मी धरून दिलं, तर माझं इथलं वर्षभराचं रडणं सोंग ठरेल. मला नेऊ द्या."

शेवटी ते थोरल्यांच्या वाड्यावर गेले. मुलगा हाक-जून नव्या बांबूच्या काठीवर वाकून रडत होता. मागे पडद्याआड थोरल्यांची बायको बसली होती.

"थोरले इतक्या पहाटे का गेले होते?" ग्वाकने विचारलं.

"भुताचा बंदोबस्त करायला," हाक-जून म्हणाला.

बांग कानाशी लागले. "दत्तक आहे. पाच वर्षांचा असताना आणला. सख्खी आई ती विहिरीतली. पण दत्तक गेलेल्याला सख्ख्या आईचं सुतक साधं. काठी धरायची नाही."

बाहेर येऊन ग्वाक पायरीवर बसून राहिला.

"सांगितलं तर एक मरतो, नाही सांगितलं तर दुसरा," तो म्हणाला. "पुस्तकं तुम्हाला पाठ आहेत, गुरुजी. योग्य काय?"

ग्वाकला मनापासून वाईट वाटत होतं. तरी तो उठला आणि त्याने अंमलदाराला बोलावणं धाडलं.

वाड्याच्या अंगणात सगळे जमले.

"गुरुजी, आईच्या काठीचं खालचं टोक कसं तासतात?"

"वर गोल, खाली चौको..." बांग थांबले.

"ती शेळी नव्हती. सोक-जूची काठी गोल आहे. कमानीपाशी कुणीतरी आईसाठी रडत होतं. ओदोंगची फांदी तिच्याच परसातली, कितीतरी महिन्यांपूर्वी कापलेली. ज्याला काठीचा हक्क नव्हता तो धुक्यात लपून सुतक पाळायचा. आणि त्या बाईला मुलगा एकच. थोरले भूत काढायला गेले, तर तिथे त्यांचाच दत्तक सापडला."

हाक-जून रडायचा थांबला होता.

"त्यांनी काठी हिसकावून मोडली," तो म्हणाला. "तुझी आई घरी बसलीय, ही तुझी कुणी नव्हे, म्हणाले. दगड हातात कधी आला, कळलं नाही."

"अरे, पण तिचा केवढा सन्मान केला त्यांनी!" एक म्हातारा ओरडला.

"सन्मान?" हाक-जून म्हणाला. "कमान आली की घराण्याची वेठ माफ होते. तिला कुणी ढकललं नाही. रोज फक्त निरोप जायचा. नवरा गेला, तू अजून जिवंत कशी? मरायच्या आदल्या दिवशी तिनेच मला सांगितलं."

अंमलदार उठला. "बापाचा खून. याचे तुकडे होतील."

"बाप कोण, ते आधी ठरवा," ग्वाक म्हणाला. "हा या घरचा मुलगा असेल तर सुटका नाही. पण घराने नातं तोडलं, आणि त्या बाईला मरायला लावलं हे सिद्ध झालं, तर हा आईचा सूड घेणारा मुलगा. कायदा त्याला हद्दपार करून जिवंत सोडतो."

"सिद्ध कोण करणार?"

घराण्यातले म्हातारे जमिनीकडे बघत राहिले. बोलावं तर कमान जाणार, वेठ परत मानेवर येणार.

पडदा सरला. थोरल्यांची बायको भिंतीला धरत बाहेर आली.

"निरोप मीच न्यायचे," ती म्हणाली. "भाताचं ताट घेऊन जायचे, समोर ठेवायचे आणि तेवढंच विचारून परत यायचे. रोज. लिहून घ्या."

कारकुनाने कुंचला बुडवला.

"आणखी लिहा. हा माझा मुलगा नाही. तिचा आहे. माझा कधीच नव्हता." शेवटच्या शब्दांना तिचा आवाज फाटला.

हाक-जूनने वर पाहिलं. त्याचे ओठ हलले. कोणता शब्द येतोय हे अंगणातल्या प्रत्येकाला कळलं, आणि तो उच्चारला की काय होईल हेही. म्हातारीने त्याच्याकडे बघत हळूच मान हलवली. नको.

त्याने ओठ आवळले आणि तिच्या पायांवर डोकं ठेवलं. कारकुनाने लिहिलं, आरोपी काही बोलला नाही.