चार वाजता निसटणारे धागे

चोराला रंगेहाथ पकडलं, असं आपण सहज म्हणतो. मोहिनीनं त्या सकाळी ज्याला पकडलं, त्याच्या मुठीत खरोखरच रंग होते… लाल, पिवळे, निळे, हिरवे. प्लॅस्टिकच्या पोत्यांचे बोटभर लांबीचे धागे. आणि हा गृहस्थ सेलूच्या जिनिंगच्या आवारात, भर थंडीत, पांढऱ्याशुभ्र कापसाच्या ढिगात कोपरापर्यंत हात खुपसून ते धागे आत पेरत होता.

आता, ज्यानं कापसातून सरकी काढणारं जिनिंग पाहिलं नाही त्याला यात एवढं काय ते कळायचं नाही. शेतातून कापूस येतो तो एकटा येत नाही. त्याच्यासोबत वेचणाऱ्या बायांचे केस येतात, कोंबडीची पिसं येतात, गुटख्याच्या पुड्या येतात आणि पोत्याचे हे धागे येतात. एक धागा जरी कापसाच्या दाबलेल्या गाठीत गेला, तरी पुढं सुतात जातो, सुतातून कापडात. रंगवायला गेलं की सगळं कापड रंग घेतं, प्लॅस्टिक घेत नाही, आणि अख्ख्या ताग्यावर डाग उमटतो. म्हणून यंत्रात जाण्याआधी कापूस एका सरकत्या पट्ट्यावरून जातो आणि दोन्ही बाजूंनी उभ्या असलेल्या बाया त्यातली घाण वेचून टोपलीत टाकतात. त्या बायांवर देखरेख मोहिनीची. बी.एस्सी. झालेली, केळझरची. पट्ट्यावरच्या निम्म्याहून जास्त बाया तिनंच आपल्या गावातून, शब्द देऊन आणलेल्या. आणि हा मेला वेचायचं सोडून पेरत होता.

तिनं सरळ त्याचं मनगट धरलं.

"काय करून राह्यले?"

तो दचकला, पण पळाला नाही. "धागे टाकून राह्यलो," तो म्हणाला.

"ते दिसून राह्यलं मले. काऊन?"

मग त्यानं तिथंच, ढिगाशी उकिडवं बसून सगळं सांगितलं. त्याचं नाव रोशन. आंजीच्या शेतकऱ्याचा मुलगा, कापडाच्या तंत्राचं शिकलेला. जिनिंगचे मालक ताराचंदशेठ यांनी त्याला या हंगामापुरतं नेमलं होतं. शेठजींच्या डोक्यात कॅमेऱ्याचं मशीन घेण्याचं होतं. कापूस समोरून गेला की मशीन आपोआप घाण ओळखून बाहेर फेकतं. पण घेण्याआधी, बाया किती वेचतात ते बघ, असं त्यांनी रोशनला सांगितलं होतं.

"टोपल्या मोजा ना मग," मोहिनी म्हणाली.

"टोपलीत सापडलेलं दिसते. निसटलेलं कोणाले दिसते? किती हरवलं हे कळायले आधी किती होतं हे माहीत पाह्यजे. म्हणून मी मोजून टाकतो… परीक्षेचा कापूस पलीकडच्या खोलीत वेगळा पडते. जे निसटलं ते मीच हातानं शोधून काढतो. गाठीत एक बी जाऊ देत नाई." तो थांबला. मग हळूच म्हणाला, "फक्त बायांना सांगू नका. माहीत असलं की माणूस वेगळंच पाह्यते… आणि आता हात सोडला तं चालेल."

तेव्हा कुठं तिच्या लक्षात आलं की मनगट अजून आपल्याच मुठीत आहे. कानाच्या पाळ्या एकदम गरम झाल्या तिच्या. हात झटकून ती चालू पडली, आणि पट्ट्यापाशी पोचेपर्यंत तिनं मागं वळून पाहिलं नाही. पोचल्यावर मात्र पाहिलं. तो अजून तसाच बसला होता, मनगट चोळत, आणि हसत होता.

तर असं गुपित तिच्या पदरात पडलं. गुपिताची एक गंमत असते. ते ज्याच्यासोबत असतं, तो माणूस दिवसभर आपल्याजवळ असल्यासारखा वाटतो. मोहिनीला पट्ट्यावर लाल धागा दिसला की वाटायचं, हा त्याचा. बाईच्या बोटांनी तो अलगद उचलला की हायसं वाटायचं. कुणाचा हात चुकला की जीव वर-खाली व्हायचा, आणि बोलायची तर सोय नाही.

रोशन रोज दुपारी चारला पट्ट्याजवळ यायचा. कधी म्हणे कापसात ओल किती ते बघायचं आहे, कधी म्हणे पट्ट्याचा वेग जरा जास्त वाटतो. कापूस चिमटीत धरून उगाच कुस्करत उभा राहायचा. पट्ट्याची घरघर इतकी मोठी, की बोलायचं तर कानाशी वाकावं लागे… आणि त्याचं त्या घरघरीविषयी काहीएक गाऱ्हाणं नव्हतं.

"आज कुठं पेरलं?" ती विचारायची.

"सांगितलं तं तुम्ही बायांकडे पाहाल."

"नाई पाहणार."

"तुमचे डोळे खोटं बोलत नाईत. तेच तं वांधे आहेत."

असल्या बोलण्यात त्यानं तिला आपली रीतही सांगितली. तासातासाला धाग्याचा रंग वेगळा, म्हणजे कोणत्या वेळी काय निसटलं ते कळतं. एका दिवसावर भरवसा ठेवायचा नाही. आणि चाळणी फार बारीक केली की खडा अडतो खरा, पण धान्यही अडतं. परीक्षा घेणाऱ्यानं दोन्ही चुकांची लाज बाळगावी. मोहिनी ऐकत राहायची. तिला बघायला आलेल्या दोन स्थळांनी तिचा रंग, उंची आणि पगार विचारून चहाचा कप खाली ठेवला होता. परीक्षा घेणाऱ्यालाही लाज असावी असं म्हणणारा माणूस तिनं पहिल्यांदाच पाहिला होता. तिला तो आवडायला लागला होता, अगदी मनापासून, आणि हे तिनं स्वतःशी कबूलही केलं होतं. त्याच्याशी करायचं तेवढं बाकी होतं.

पण आकडे काही प्रेमात पडत नाहीत. दोन आठवड्यांनी तिनं विचारलं तेव्हा रोशननं मान खाली घातली. चारातला जवळपास एक धागा निसटत होता. मशीनवाल्या कंपनीचा माणूस याहून बऱ्याच चांगल्या आकड्याची हमी देत होता, आणि शेठजींना आठवड्याभरात निर्णय करायचा होता.

मोहिनीनं मनात हिशोब केला. मशीन आलं की पट्टा बंद. तिनं घरोघरी जाऊन ज्यांना आणलं, त्या बाया कुठं जाणार? मनकर्णाबाई तर नातवाची शाळा या कामावर चालवत होती. कोणत्या तोंडानं तिच्या ओसरीवरून जायचं?

"एक दिवस त्यांना सांगू द्या," ती म्हणाली. "फक्त एक दिवस. रंगीत धागे पाहा म्हणते, बस."

"मग त्या फक्त रंगीत धागे पाह्यतील. केस सुटतील, पिसं सुटतील. आकडा चांगला येईल, मोहिनी, पण तो खोटा राहील."

"तुमच्या खऱ्या आकड्यानं माह्या बाया घरी बसतील."

तो चिमटीतला कापूस कुस्करत राहिला. ते तिला फार लागलं. डोळ्यांत पाणी आलेलं त्याला दिसू नये म्हणून ती पट्ट्याकडे वळली आणि पाठमोरीच म्हणाली, "उद्यापासून इथं येऊ नका. ओल मी पाहून घेईन."

आणि तो खरंच आला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही, चौथ्याही दिवशी नाही. चार वाजले की मोहिनीचं लक्ष दाराकडे जायचं आणि तसंच परत यायचं. बायांचाही चेहरा उतरलेला. कोणी काही विचारलं नाही, पण पट्ट्यावर बाया म्हणायच्या ती गाणी बंद झाली होती. आपणच येऊ नको म्हटलं आणि आपणच वाट पाहतो, या गोष्टीचा मोहिनीला मनस्वी राग यायचा, अन् तो राग काढायलाही तोच समोर नव्हता.

मग ताराचंदशेठनी कचेरीत बोलावलं. मोहिनीला आणि बायांतर्फे मनकर्णाबाईला. रोशन आधीच भिंतीला टेकून उभा होता. तिच्याकडे त्यानं पाहिलंच नाही.

शेठजींनी विषयाला सरळ हात घातला. कापसात धागे टाकून परीक्षा चालली होती, आकडे बरे नाहीत, मशीनचा सौदा करून टाकावा असं त्यांचं मत. मनकर्णाबाईनं हे ऐकून मोहिनीकडे पाहिलं. "तुले माहीत होतं?" मोहिनीनं होकाराची मान हलवली. त्या म्हातारीच्या नजरेपुढं तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"एक मिनिट, शेठजी," रोशन म्हणाला. "परीक्षाच चुकली आहे."

"कोणाची चूक?"

"माझी."

तो टेबलापाशी आला. म्हणाला, एरवी तासाभरात निसटतं त्याच्या किती तरी पट जास्त एकाच वेळी निसटतं, चारच्या सुमारास. तेव्हा हिरवे धागे होते. आधी वाटलं, हिरवा डोळ्याला कमी दिसत असेल. म्हणून चारला लाल टाकले. तर लाल निसटायला लागले. मग वाटलं बाया थकत असतील. पण पाचला त्या पुन्हा सगळं धरतात, आणि पाचला तर जास्त थकायला पाहिजे. काही केल्या उलगडा होईना. आणि गेले तीन दिवस चारला जवळपास एकही धागा सुटला नाही.

"तीन दिवसांत बदललं काय?" शेठजींनी विचारलं.

"मी पट्ट्याजवळ गेलो नाई."

भिंतीपलीकडून पट्ट्याची घरघर तेवढी येत होती.

"म्हणजे तू गेला की धागे निसटते," शेठजी सावकाश म्हणाले. "अरे भाई, पण तू रोज चार बजे तिथं जात काऊन होता? मी तं तुले भेजलं नव्हतं."

रोशननं एकदा मोहिनीकडे पाहिलं. मग तो शेठजींना म्हणाला, पण ते शेठजींसाठी नव्हतंच. "मोहिनीले पाहाले… ओल, वेग, सगळे बहाणे होते. बायांचा दोष नाई. मी मधात आलो. अहवालात मी हेच लिहिणार आहे, कारण खरं कारण हेच आहे."

मोहिनीनं ओढणी सारखी केली. एवढ्यात मनकर्णाबाईनं घसा साफ केला.

"बरोबर सांगून राह्यला जी तो पोट्टा," ती म्हणाली. "तो आला की आमची मोहिनी ओढणी सारखी करते. मग तो तिच्या कानाशी वाकते. आता तुम्हीच सांगा, तवा कापूस कोण पाह्यते?"

शेठजी हसले नाहीत. हसू दाबायला त्यांनी चष्मा काढून पुसला, एवढंच. मग हुकूम सोडला: आठ दिवस परीक्षा नव्यानं. बायांना आता माहीत झालंच आहे, तर धागे, केस, पिसं, सगळं मिसळून टाकायचं, आणि टाकणार शेठजींचा मुलगा अंकित. रोशननं पट्ट्याच्या दाराशीही फिरकायचं नाही. आकडा मशीनच्या वर आला तर बाया राहतील, नाही तर सौदा पक्का.

बाहेर आल्यावर रोशन व्हरांड्यात थांबला. चेहऱ्यावरचा धीर आता पार गळालेला. "मी… असं सगळ्यांसमोर बोलाले नव्हतं पाह्यजे. पण तुम्ही काही तरी बोला."

तिच्या ओठांपर्यंत आलं होतं. सगळं आलं होतं. पण तिनं ते गिळलं.

"आता उत्तर देलं तं ते माह्या तोंडावर दिसन," ती म्हणाली. "अन् माह्या तोंडाकडे बाया पाह्यतील, कापसाकडे नाई. आठ दिवस थांबा."

आणि मनकर्णाबाईची माफी मागायला ती तिच्यामागं पळत गेली. म्हातारी दोन दिवस फुगून राहिली, तिसऱ्या दिवशी तिनं आपल्या डब्यातली भाकर मोडून मोहिनीपुढं धरली.

ते आठ दिवस कसे गेले हे मोहिनीला विचारू नये. कचेरीच्या खिडकीत त्याचं डोकं दिसायचं, खाली वाकलेलं. ती बघायची नाही. तोही बघायचा नाही. न बघणं इतकं कष्टाचं काम असतं हे तिला ठाऊक नव्हतं. तिनं केस घट्ट बांधले, ओढणीला गाठ मारली आणि बायांमध्ये स्वतः उभी राहिली. संध्याकाळी उजेड कमी झाला की बोटं चुकतात हे तिच्याच लक्षात आलं, आणि तिनं भांडून पट्ट्यावर दोन दिवे जास्तीचे लावून घेतले. बायांनी तर इरेला पेटल्यासारखं काम केलं. केस, पीस, धागा, काही सुटेना.

नवव्या दिवशी शेठजी स्वतः पट्ट्यापाशी आले. मशीनचं पुढच्या साली पाहू, एवढंच म्हणाले आणि गेले. ते दाराबाहेर पडतात न पडतात तोच दारात रोशन उभा. आत पाऊल टाकावं की नाही, अशा विचारात. चार वाजले असतील, नसतील.

मोहिनीच त्याच्याकडे गेली. पट्टा घरघरत होता.

"आता येऊ का?" त्यानं विचारलं.

ती काही तरी म्हणाली.

"काय?" त्यानं कानामागं हात धरला.

ती पुन्हा म्हणाली. त्याला पुन्हा ऐकू आलं नाही. मागं पट्ट्यावर सगळ्या माना वर झाल्या होत्या आणि खालून कापूस आपला चालला होता, वेचणारं कोणी नव्हतं.

"बंद करा रे तो पट्टा," मनकर्णाबाई ओरडली. "घाण जाईन गाठीत. एकदाचं पाहून घेऊ द्या आम्हाले."

कोणी तरी बटण दाबलं. घरघर थांबली, अख्खं शेड चिडीचूप झालं, आणि तिसऱ्यांदा जिवाच्या आकांतानं सांगत असलेल्या मोहिनीचा आवाज एकटाच सगळीकडे घुमला—

"हो म्हणून राह्यली ना मी. आता हे बी परत तपासता का?"