सर्वांत जास्त धडपडणारी माणसं

स्टीलच्या डब्याचं झाकण फरशीवर पडलं आणि खणखणत, गरगरत थेट भिंतीपर्यंत गेलं. त्याआधी प्रयोगशाळेत इतकी शांतता होती की केतकी दचकलीच.

"मी नाही पाडलं. आपोआप पडलं," टेबलाखालून आवाज आला.

"मग आपोआप उचल बरं."

पाच वर्षांची जुई रांगत झाकणामागे गेली. रविवार होता, सांभाळणारी बाई गावाला गेली होती, तेव्हा लेकीला दहीभाताच्या डब्यासकट कामावर आणण्यावाचून इलाज नव्हता. खरं तर प्रयोगशाळेत खाणं मना होतं. पण तेरा सामन्यांत अकरा वेळा हरलेल्या संघाच्या प्रयोगशाळेत कोण कुणाला काय मना करणार?

कोल्हापूरचा 'करवीर गरुड' हा फुटबॉल संघ यंदा रसातळाला गेला होता. चार वाजता मोसमातला शेवटचा सामना होता. समोरचा संघही तितकाच रडका, गुणही तेवढेच. आज जो हरेल तो तळाला राहील. आणि गरुडचे खेळाडू निवडणारी होती डॉ. केतकी लाटकर. मेंदूविज्ञानात पीएच.डी. केलेली, जुईच्या जन्मानंतर चार वर्षं घरी राहिलेली, आणि 'आता तुला कोण घेणार' हे शहाणपण नातेवाइकांकडून ऐकून कंटाळलेली. संघाचे मालक खर्डेकर यांनी तिला बोलावलं तेव्हा ती आनंदानं रडली होती.

आज मात्र ती पडद्यावरच्या आकड्यांकडे तासभर नुसती बघत बसली होती. लीगचे यंत्रतज्ज्ञ डॉ. शिकलगार पट्ट्या तपासायला आले, तेव्हा तिनं त्यांनाच धरलं.

"शिकलगार, तुमच्या पट्ट्या बिघडल्यात."

"सकाळीच तपासल्यात, मॅडम. एकदम झकास आहेत."

"मग ब्याण्णव यत्नांकाचा गोलरक्षक दर सामन्याला तीन गोल कसे खातो?"

शिकलगार हसले. "ब्याण्णव आहे म्हणूनच खातो की."

या यत्नांकाची गोष्ट अशी. लीगमध्ये दरवर्षी नव्या खेळाडूंची निवडफेरी व्हायची आणि तळाला राहिलेल्या संघाला पहिली निवड मिळायची. दुबळ्याला हात मिळावा हा हेतू. झालं उलटंच. एखादा विलक्षण पोरगा निवडफेरीत आला की निम्मे संघ तळाला जायला धडपडू लागायचे. मग लीगनं प्रत्येकाच्या कपाळावर यत्नपट्टी बांधली. मेंदू किती जोर लावतोय हे ती शंभरपैकी आकड्यात सांगे. अंगचोरपणा केला की आकडा कोसळे. तसं झालं तर संघाची निवड रद्द, खेळाडूवर तीन वर्षांची बंदी. खेळाडू, प्रशिक्षक, खेळाडू निवडणारे, सगळ्यांना पट्टी सक्तीची होती. नियमात फक्त मालकाचं नाव नव्हतं.

"ब्याण्णव आहे म्हणूनच खातो, म्हणजे काय?" केतकीनं विचारलं.

शिकलगारांनी पेटीतून एक मोकळी पट्टी काढली आणि जुईच्या कपाळाला बांधली. "बाळ, तुझं नाव लिहून दाखव बघू."

जुईनं जीभ बाहेर काढली, पेन्सिल मुठीत आवळली आणि कागदावर अक्षरशः झोंबली. पडद्यावर शहाण्णव उमटलं. 'जु'चा उकार पानाबाहेर गेला होता.

"आता तुम्ही लिहा, मॅडम. तेच नाव."

केतकीनं आपल्याच पट्टीचा आकडा पडद्यावर लावला आणि लिहिलं. नऊ.

"आता सांगा, अक्षर कुणाचं चांगलं?"

"माझं!" जुई ओरडली.

"तुझंच गं सोन्या," शिकलगार म्हणाले आणि केतकीकडे वळले. "जे अंगात मुरलंय त्याला मेंदूला जोर लागत नाही, मॅडम. चांगला गोलरक्षक ऐन सामन्यात पंचाहत्तरच्या वर जात नाही. चेंडू कुठं येणार ते त्याला आधीच कळलेलं असतं. ब्याण्णव म्हणजे बिचाऱ्याला प्रत्येक चेंडू नवा."

इतर संघांनी सोडून दिलेल्या मुक्त खेळाडूंच्या यादीतून तिनं एकूण एक माणूस यत्नांक बघून उचलला होता. सर्वांत जास्त जीव तोडणारी, जगानं नाकारलेली माणसं! त्यांना संधी दिली की ती सोनं करतील, असा तिचा सिद्धांत होता. मुलाखतीतही तिनं तोच मांडला होता.

"हे सगळ्यांना ठाऊक आहे?"

"पट्टीवर काम करणाऱ्यांना तरी आहेच. मला वाटलं, तुम्हीपण जाणूनबुजूनच..." शिकलगार एकदम थांबले.

"जाणूनबुजून असतं तर माझा आकडा पडला असता," केतकी म्हणाली. "निवडीच्या कामात वर्षभर तो नव्वदच्या खाली आलेला नाही."

वाक्य संपलं आणि तिचं तिलाच ते ऐकू आलं. वर्षभर नव्वद. तिनं जुईचा हात धरला आणि ती तरातरा मालकांच्या खोलीकडे निघाली.

उदयसिंह खर्डेकर सीताफळ खात होते. बी जिभेवर घोळवायची, चोखायची आणि बशीत थुंकायची. बशीत काळा, ओला ढीग झाला होता.

"या, या. चिमणीलाही आणलंय? घे गं, सीताफळ घे."

"माझ्या मुलाखतीला किती जण होते?" केतकीनं उभ्यानंच विचारलं.

"पाच." त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत.

"सगळ्यांना पट्टी बांधली होती."

"बांधली होती. दोघांचा आकडा पन्नाशीत होता, हुशार माणसं. एक सत्तर, एक ऐंशी. तुमचा सत्त्याण्णव." आणखी एक बी बशीत पडली. "मी त्याच क्षणी ठरवलं, ही बाई आपली."

"म्हणजे ज्याला हे काम सर्वांत कमी जमतं तो माणूस."

"असं कशाला म्हणता? सर्वांत प्रामाणिक माणूस म्हणा. लीगला प्रामाणिकपणाच हवाय ना? मी त्यांना काठोकाठ भरून दिला. आज हरलो की पहिली निवड आपली. निवडफेरीतला यंदाचा तो विलक्षण पोरगा आपल्याकडे आला की हीच जनता मला खांद्यावर घेईल. आज फक्त जिंकायची अवदसा आठवायला नको."

"मी लीगला सांगीन."

"काय सांगाल? की मालकांनी कष्टाळू माणसं घेतली? यादीवर सही तुमची आहे, बाई." ते मायेनं बोलत होते, आणि तेच किळसवाणं होतं. "तुमचा करार तेराव्या सामन्यापर्यंतचाच होता, म्हणजे तो संपला. वाचला नसेल. खरं कळल्यावर कपाळावर पट्टी असणं बरं नाही, आकडा उगाच कोसळतो. ती तेवढी इथं ठेवून जा."

केतकीनं पट्टी सोडली. घामानं ती आतून ओली झाली होती. ती टेबलावर टाकताना बोटं सीताफळाच्या चिकट थेंबाला लागली, ती तिनं कुर्त्याला पुसली. जुईनं हातात घेतलेलं फळ तिनं काढून बशीशेजारी ठेवलं.

"पण आई, मला..."

"घरी देते. हे नको."

बाहेर बोळात बुटांचे खिळे वाजवत दिगंबर चौगुले येत होता. तेहतीस वर्षांचा गोलरक्षक. केतकीचा फोन आला तेव्हा साखर कारखान्यातली नोकरी सोडून आलेला. कपाळावर पट्टी, हातमोजे काखेत.

"मॅडम! हितंच गावलासा. म्हटलं पाया पडूनच आत जावं."

"अहो, पाया काय पडता..."

"पडू द्या की. सा संघांनी हाकलल्यालं मला. घरात बायको म्हनती, आता पुरं करा. म्हटलं थांब, लाटकर मॅडमनी काय बगून घेतलंय का न्हाई मला? पुढच्या वर्साचा करार हुतोय बगा. आज एकबी आत जाऊ देत न्हाई!"

"दिगूमामा, मारामारी कर," जुईनं सल्ला दिला.

"करतो की! तू फकस्त वरड."

केतकीनं तोंड उघडलं. सांगायला दोन वाक्यं पुरली असती. पण ती ऐकली की पहिल्या शिट्टीलाच दिगंबरचा आकडा कोसळला असता. तीन वर्षांची बंदी त्याच्यावर आली असती, आणि छत्तिसाव्या वर्षी गोलजाळ्यात कोण उभं करतं? गप्प राहिली, तर आज संध्याकाळी खर्डेकर त्याचा चोथा करून टाकणार होते. त्यानं जे काय उरलंसुरलं होतं ते आज खरेपणानं पणाला लावलं होतं, आणि खर्डेकरांचं खोटं त्याच खरेपणावर उभं होतं.

"काय म्हनत हुतासा?"

"डावीकडं लक्ष ठेवा," ती म्हणाली. "तुम्ही नेहमी उशिरा वळता."

"ठेवतो!" आणि ओठांनी 'डावी, डावी' असं घोकत तो मैदानाकडे पळाला.

केतकी भिंतीला टेकली. साबणानं घासली तरी जाणार नाही अशी घाण अंगभर लागल्यासारखं तिला वाटत होतं. वेणीची रिबीन चघळत जुई दाराकडे बघत होती. मग तिनं आईचा कुर्ता ओढला.

"आई, दिगूमामा जिंकला तर ते काका त्याला रागावतील?"