मापाचे केस

अस्वलांचे केस पाकिटातून यायचे. डोंगरावर काटेरी तार ताणलेली असे. अस्वल तिच्याखालून सरपटलं की चार केस तारेला सोडून जाई, आणि जंगलखात्याचा माणूस ते चिमट्याने उचलून प्रयोगशाळेत आणून देई. थोरली ते धुवायची, मुळापासून शेंड्यापर्यंत बारीक तुकडे करायची, एकेक तुकडा धातूच्या चिमुकल्या पुडीत बांधून यंत्राच्या भट्टीत सोडायची. तुकडा जळायचा, त्याचा वायू व्हायचा, आणि त्यात जड अणू किती, हलके किती, हे यंत्र सांगायचं. तेवढ्यावरून अस्वलाचं अख्खं वर्ष वाचता यायचं. काय खाल्लं, कधी उपाशी राहिलं, कुठलं पाणी प्यायलं. डोंगरमाथ्यावरचं बर्फाचं पाणी हलकं असतं. शहरात गच्चीवरच्या उघड्या टाकीत उन्हाने आटलेलं जड.

गावाबाहेरच्या उकिरड्यावर कुठलं अस्वल येतं हे या केसांवरून ठरे, आणि एकदा ठरलं की त्याला गोळी. उकिरडा उघड्यावर टाकणाऱ्याचे केस मात्र आजवर कुणी तपासायला आणले नव्हते.

यंत्रावर डोळे मिटून विश्वास ठेवत नाहीत. दर खेपेला अस्वलांच्या पुड्यांबरोबर ओळखीच्या केसांची एक पुडी जाळतात. तिचा आकडा आधीच ठाऊक असतो. तो बरोबर आला म्हणजे यंत्र ताळ्यावर आहे. असे मापाचे केस विकत मिळतात, पण चिमूटभर. म्हणून सुरुवातीलाच साहेब म्हणाले होते, "एकाच माणसाचे ढीगभर केस हवेत, बाई. न्हाव्याकडे जाऊन उपयोग नाही, तिथे सगळ्यांची सरमिसळ."

दुसऱ्या दिवशी थोरलीने एक जाड, लांब वेणी आणून टेबलावर ठेवली.

ती तिच्या धाकट्या बहिणीची होती. घर सोडून गेली त्या आठवड्यात धाकटीने ती स्वतःच कात्रीने कापली आणि कपाटात ठेवली. मग गेली. पोलिसांनी थोडे दिवस शोधलं, मग शोधल्यासारखं केलं. थोरलीने वेणी धुतली, पोलादी गोळ्यांच्या गिरणीत घालून दळली. राखाडी भुकटी झाली, ती तपकिरी बाटलीत भरली. कुणाचे केस, हे साहेबांनी विचारलं नाही. सख्ख्या बहिणीची वेणी दळताना थोरलीला काही वाटलं नाही, आणि काही वाटत नाही याचंही काही वाटलं नाही.

भुकटीचा आकडा वर्षानुवर्षं जागचा हलला नाही. हलणार कसा? कापलेला केस म्हणजे संपलेली गोष्ट.

मग एक दिवस भावाचा फोन आला.

"ताई, पुढच्या सोमवारी कोर्ट आहे, धाकटीला मयत ठरवायचं. दोनच वाक्यं बोलायचीत. धाकटी गेली, आता ती नाही. की सुटलो."

"तू बोल की."

"माझं आई ऐकते होय? मला म्हणते, तुला पहिल्यापासून घाई. म्हणते, थोरली केसावरून अस्वलाची कुंडली सांगते, तिने सांगितलं तर मानीन. तिने कोर्टात सांगितलं की त्या दिवसापासून दाराला कडी."

धाकटी गेल्यापासून आईने पुढच्या दाराची कडी लावली नव्हती. ती आली तर उगाच बाहेरून परत जायला नको, म्हणायची. गेल्या थंडीत त्या दारातच बसून तिने न्यूमोनिया ओढवून घेतला होता. आणखी एक थंडी अशी काढली तर हातात काही राहणार नाही, असं डॉक्टरने तोंडावर सांगितलं होतं.

"येते मी," थोरली म्हणाली.

"आणि मक्याचं पीठ आण येताना. परवा डबा भरून दिला, तो खडखडीत रिकामा. पोटाच्या ऑपरेशननंतर आईला दुसरं काही पचत नाही, ठीक आहे. पण एवढी लापशी खाऊन बाई वाळून काटकी झालीय. जातं कुठे सगळं?"

थोरलीने फोन ठेवला आणि पुड्या यंत्रात सोडल्या. त्या दिवशी धाकटीचा आकडा चुकला.

थोडाच. नायट्रोजन जड आला होता. तिने वायूची नळी बदलली, भट्टी साफ केली, पुन्हा जाळला. आणखी जड आला. मग तिने जपून ठेवलेलं विकतचं माप काढून जाळलं. ते काट्यावर बरोबर. अस्वलंही बरोबर. बिघडली होती ती फक्त बाटली.

"भुकटीला ओल धरली असेल," साहेब म्हणाले. "फेकून द्या. दुसरी करा. तुमच्या आकड्यावर उद्या एक जनावर मरायचं, बाई."

"ओल धरली तर सगळेच आकडे भरकटतील, साहेब. हे एका रांगेत चाललेत."

"कुठे चाललेत?"

ती आकड्यांकडे वळली. अशी रांग तिने शेकडो अस्वलांत वाचली होती. खायला काही नसलं की शरीर स्वतःलाच खातं, आणि मग नायट्रोजन असा चढतो. पाण्याचा आकडा हलका होता, बर्फाचा. शहरात जन्मलेल्या आणि डोंगर कधी न चढलेल्या मुलीच्या भुकटीत माथ्यावरचं बर्फ होतं.

तिने बाटली फेकली नाही. अस्वलांसाठी विकतचं माप वापरू लागली, आणि शेवटी रोज एक पुडी बाटलीतली.

दुसऱ्या दिवशी पाणी थोडं जड. त्यानंतर आणखी. उंची उतरत होती. भूक तशीच होती, पण पाणी खाली येत होतं. ओढ्याचं, मग नदीचं, मग धरणाचं. या पाण्यांचे आकडे तिला पाठ होते. ती सगळी तिनेच मोजलेली होती.

शुक्रवारी भूक मोडली. नायट्रोजन उतरला आणि कार्बन एकदम चढला. एवढा कार्बन एकाच गोष्टीने चढतो, मक्याने. आणि पाणी होतं उघड्या टाकीतलं, आटलेलं. नोकरीला लागली तेव्हा हात बसावा म्हणून तिने आईच्या घरचं पाणी मोजलं होतं. आकडा तोच. केसात खाणं उतरायला आठवडे लागतात, म्हणजे हे आजचं नव्हतं, महिनाभर मागचं.

थोरलीने हातमोजे काढले, हात धुतले, डबा उघडून जेवली.

संध्याकाळी पीठ घेऊन ती आईकडे गेली. दार लोटलेलं होतं.

"ये," आई आतून म्हणाली. "कोण, थोरली ना?"

"मग आणखी कोण?"

आई नुसती हसली.

तिने आईला पाटावर बसवून केस विंचरले. डोकं पाखरासारखं हलकं लागलं.

"जेवतेस ना गं?"

"पोट भरलेलं आहे माझं."

"जेवतेस का, ते विचारलं."

"भरलेलं आहे म्हटलं ना! तुला अस्वलांची सवय, माणसाचं बोलणं कळत नाही."

फणीत मुळासकट आलेले केस थोरलीने रुमालात बांधून घेतले. रविवारी सुट्टी होती, तरी ती प्रयोगशाळेत गेली. आईच्या केसाचे शेंड्यापासून मुळापर्यंत तुकडे केले आणि एकेक जाळला.

शेंड्याकडे मका. मधे मका. मुळाशी, म्हणजे अलीकडच्या आठवड्यांत, मका नाही. नायट्रोजन चढलेला, उभी शिडी लावल्यासारखा.

आई जेवत नव्हती. डबा रिकामा होत होता.

सोमवारी थोरली कोर्टात उभी राहिली.

"तुमची बहीण हयात आहे असं मानायला काही कारण आहे?" न्यायाधीशांनी विचारलं.

आकडे सांगितले असते तर त्यांनी तिलाच डॉक्टरकडे पाठवलं असतं. आणि सांगून करायचं काय? कडी लागायला हवी होती. त्या घरात एकाचंच जेवण शिजत होतं, आणि ते आईने खायला हवं होतं.

"नाही," थोरली म्हणाली. "ती गेली. आता ती नाही."

मागच्या बाकावर आई होती. ती रडली नाही. तिने मान हलवली, एखादीने हिशेब पटल्यावर हलवावी तशी.

घरी आल्यावर भावाने स्टुलावर चढून पुढच्या दाराच्या कडीला तेल सोडलं. आडवी, जाड कडी. इतक्या वर्षांच्या गंजाने रुतून बसलेली. दोन्ही हातांनी रेटली तेव्हा कुठे ती सरकली.

"आई, आता शब्द पाळ हं."

"पाळते. तू जा घरी, मुलं वाट बघत असतील."

भाऊ गेला. त्याच्यामागे दार ओढून घेतल्याचा आवाज आला. थोरली स्वयंपाकघरात आईजवळ बसली. आई शेगडीपुढे उभी राहून लापशी ढवळत होती. पातेलं मोठं होतं.

"आज माझ्यासमोर जेवायचंस," थोरली म्हणाली.

"बरं."

"आणि जेवायच्या आधी कडी लाव. की मी लावू?"

आईने हातातला डाव थांबवला नाही. बाहेरच्या खोलीत कडी कुणी दोन्ही हातांनी रेटावी तशी सावकाश, घासत सरकली आणि शेवटी खटकन बसली.

"लावली बघ," आई म्हणाली, आणि तीन ताटल्या काढायला वळली.