पाळण्याखालचे कोट

सुट्टीच्या चौथ्या दिवशी चिमटीने मावशीच्या घरातलं भूत पकडलं आणि मोठ्यांनी तिची पाठ थोपटली. आता हे विसरा. असं काही घडलेलंच नाही. भूत अजून मोकाट आहे आणि दुपारचे दोन वाजलेत.

रोज दोन वाजले की मावशीच्या घरात एक गोडसर वास चढायचा. मावशीचं डोकं जड व्हायचं. झाकलेल्या लोण्यालासुद्धा नव्या कोटाचा वास यायचा. आणि पाळण्यातलं बाळ असं झोपायचं, की चिमटीने चिमटा काढला तरी हूं की चूं नाही. तिचं नाव उगाच पडलं नव्हतं.

"किती गुणी माझं," म्हणत मावशी आडवी व्हायची.

आज मात्र बाळ दुधालाही उठेना. चिमटीने मावशीला हलवून उठवलं आणि बाळाला गॅलरीत नेलं. दहा मिनिटांत त्याने भोकाड पसरलं. म्हणजे भूत फक्त पाळण्याच्या खोलीत राहत होतं! वास पाळण्याखालून येत होता, म्हणून बाळाला मावशीपाशी गॅलरीतच ठेवून चिमटी खाली निघाली. तिचा दादाही आला, भुताला एकटं वाटू नये म्हणून, असं त्याचं म्हणणं.

खाली ड्रायक्लीनिंगचं दुकान होतं. मागच्या दाराने दोघं आत शिरले. अंधारात कोटांची रांग लटकत होती. डोकं एकालाही नाही, तरी सगळे एकदम बाह्या हलवत होते. एका कोटाने चिमटीच्या गालावरून हात फिरवला.

बाही ओली होती. वास तोच.

दादाने कोटाला नमस्कार केला.

तेवढ्यात कोटांमागून दुकानवाले काका आले. त्यांच्यामागे पंखा घरघरत होता. गिऱ्हाइकांची घाई, म्हणून मशीनने कपडे पुरते सुकवायच्या आतच ते दार उघडायचे आणि कोट पंख्यापुढे टांगायचे. कपडे पाण्याऐवजी ज्यात धुतात त्या पर्क नावाच्या द्रवाचीच ती गुंगी आणणारी वाफ. वर वास येतो, असं चिमटीने सांगितल्यावर काकांनी जोरात हुंगलं.

"कसला वास? तीस वर्षं इथे आहे मी."

तीस वर्षांत नाकाने राजीनामा दिला होता, हे त्यांना कुणी कळवलंच नव्हतं.

चिमटी वर धावली. पाळण्याखाली जुन्या पाइपाचं भोक होतं. तिने दोरीला बांधून खुळखुळा आत सोडला. तो खुळखुळत काकांच्या टकलावर टेकला.

"काका," छतातून आवाज आला, "तुमच्या कोटांच्या वर आमचं बाळ झोपतं."

काका पांढरेफटक पडले. पंखा थांबला, कोट परत मशीनमध्ये गेले, संध्याकाळपर्यंत भोक बुजलं. डॉक्टरांनी बाळाला तपासून ठणठणीत ठरवलं आणि चिमटीची पाठ थोपटली. मावशीने तिला घट्ट जवळ घेतलं. "मी गुणी गुणी म्हणत बसले गं," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून बाळ दोन ते चार सलग रडू लागलं. तिसऱ्या दिवशी पाळण्यावर अर्ज चिकटवलेला होता:

'महोदय, दुपारी दोन ते चार या वेळेत आपण रडण्याचे काम तात्पुरते स्थगित करावे, ही नम्र विनंती. सोबत: खुळखुळा, नग एक. आपली मावसबहीण.'