रीचिंग शॉर्टली

महेश घर सोडून गेला त्याला चाळीस दिवस झाले होते. त्याच्या बायकोने, योगिनीने, खासगी गुप्तहेर चैताली गांगुर्डेसमोर मोबाइल ठेवला. सहा मेसेज, सगळे सारखेच. ‘रीचिंग शॉर्टली.’

“मग येतोय की!” चैतालीचा मदतनीस केरू म्हणाला. निवृत्त हवालदार. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

“फोन उचलत नाहीत.” योगिनीच्या आवाजात रडूही उरलं नव्हतं. “रोज ताट झाकून ठेवते. येणार की नाही, एवढंच सांगा.”

“पूर्वी उशीर झाला तर काय कळवायचे?”

“सात वीसला पोचतो, आठ दहाला पोचतो. एसटी स्टँडवर गाड्या पुकारायचं काम, मिनिटाशिवाय बोलणं नाही.”

“शेवटचा मेसेज?”

“सोमवारी. पोलिसांत जाते म्हणून सासऱ्यांना आणि दिरांना सांगितलं. दुसऱ्या कुणाला नाही. तासाभरात आला.”

सासरे आणि दीर दोघेही सायखेड्याला राहत. चैताली आणि केरू तिथे गेले. दीर संतोष टेम्पो धूत होता. “दादाचा पत्ता लागला का?” त्याने आधी हेच विचारलं. मेसेज बघून डोकं खाजवलं. “इंग्रजी आपल्याला नाय जमत. आप्पांचा लय मार खाल्ला, तरी नाय.”

आप्पा, म्हणजे सासरे सावळीराम, इंग्रजीचे निवृत्त मास्तर. त्यांनी चहा सांगितला आणि विचारलं, “योगिनी जेवते का?”

“सर, शॉर्टली म्हणजे किती वेळ?” चैताली म्हणाली.

“थोडाच. वेळ ठाऊक असेल तर वेळच सांगावी. येणं नक्की, पण वेळ ठाऊक नाही, तेव्हा शॉर्टली.”

दुसऱ्या दिवशी योगिनीच्या गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये चैतालीने सगळ्यांना बसवलं.

“महेश मिनिटं सांगायचा. हा शब्द त्याचा नाही. योगिनी पोलिसांत जाणार, हे फक्त तुम्हा दोघांना माहीत होतं. संतोषला इंग्रजी येत नाही, आणि त्याने पहिलं भावाचं विचारलं. आप्पा, तुम्ही मुलाचं विचारलंच नाहीत. तो कुठे आहे, हे तुम्हाला माहीत होतं.”

केरूने कपाळावर हात मारला. आप्पांनी खिशातून महेशचा फोन काढला.

“माझ्या खाटेवर टाकून गेला. मेसेज मीच पाठवत होतो. सुरतेला दुसरा संसार मांडलाय. परत येणार नाही म्हणाला. मला वाटलं, येईल भानावर. पोरीला सांगायचं धाडसच होईना.”

“येणं नक्की असेल तेव्हाच शॉर्टली, असं तुम्हीच म्हणालात,” चैताली म्हणाली.

“हो. चुकलं माझं.”

योगिनीला राग यायला हवा होता, आला नाही. मग तिने स्वयंपाकघरातून झाकलेलं ताट आणून आप्पांपुढे ठेवलं.

“जेवून घ्या, आप्पा. उद्यापासून झाकायचं नाही.”